खाली ठेवलेला पेला

ज्या घरात मी जवळजवळ चार वर्षं नोकरी केली, त्या घरच्या मालकांनी मला एकदाही नोकर म्हणून ओळखलं नाही. त्यांच्या लेखी मी पाहुणा होतो. रोज सकाळी मी त्यांच्या बैठकीत पाऊल टाकलं की ते काठीच्या आधारानं उठून उभे राहायचे, छातीवर हात ठेवायचे आणि आयुष्यात पहिल्यांदाच भेटतोय अशा आनंदानं म्हणायचे, "या, या. लांबून आलात. ही वस्ती तुमचीच." मी आलेला असायचो आवारातल्या माझ्या खोलीतून, मध्ये एक कडुनिंबाचं झाड. पण ते ऐकायला इतकं बरं वाटायचं की मीही खुशाल सांगायचो, "हो, बराच लांबून आलो." तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. आमचं देवरुख काही अबकैकच्या शेजारी नाही.

मी ब्रदर. म्हणजे पुरुष नर्स. गावाकडे हे सांगितलं की लोक अजून दोनदा विचारून खात्री करून घेतात. मिरजेला शिकलो, काही वर्षं मुंबईत काढली आणि एका कंपनीमार्फत सौदीच्या पूर्व भागात घरोघरच्या आजाऱ्यांची सेवा करायला आलो. अबकैकला तेलाचा मोठा कारखाना आहे आणि भोवती वाळू आहे. या दोन गोष्टींखेरीज तिथं तिसरं काही आहे असं मला सुरुवातीला वाटलंच नाही. माझे पेशंट म्हणजे त्या कारखान्यातल्या एका इंजिनियरचे वडील. जन्म वाळवंटातल्या तंबूत, लहानपण उंटांमागे, तारुण्य पाण्याचे टँकर चालवण्यात, आणि म्हातारपण मुलानं बांधलेल्या दुमजली घरात. विसरण्याचा आजार लागला तो त्यांच्या आयुष्यात उलटा चालत गेला. आधी टीव्ही आणि एसी पुसले गेले, मग टँकर. तंबूपर्यंत आणि उंटांपर्यंत मात्र त्या आजाराला पोचता आलं नाही. तिकडे कामाला असलेली माणसं घरच्या मोठ्या माणसाला 'बाबा'च म्हणतात, त्यामुळे मला नवीन नातं शिकावं लागलं नाही.

बाबा उंचीनं ताडमाड आणि अंगानं खारकेसारखे सुकलेले. डोक्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल नीट बसल्याशिवाय ते कुणाला तोंड दाखवत नसत. दात थोडेच उरले होते, पण हसताना ते सगळेच्या सगळे दाखवायचे. त्यांचा संसार म्हणजे ती खालची बैठक, तिकडच्या भाषेत मजलिस. भिंतींच्या कडेनं गाद्या आणि लोड, मधोमध गालिचा, आणि कोपऱ्यात गहव्याची चोचदार पितळी सुरई. गहवा म्हणजे त्यांची कॉफी. आपल्या कॉफीशी तिचं नातं नावापुरतं. रंगानं फिकट पिवळी, साखर नाही, दूध नाही, वेलदोड्याचा मारा. पहिल्यांदा प्यालो तेव्हा मला वाटलं, सर्दीवरचा काढा आहे. मी अर्धं आयुष्य दोन चमचे साखरेच्या चहावर वाढलेला माणूस. पण या काढ्याशी पुढे माझं असं काही जमलं की आता त्याच्याशिवाय डोकं उठतं.

पाहुण्यानं काम करायचं नाही, हा बाबांचा पहिला कायदा. आणि मला तर पगारच कामाचा. मी रक्तदाब मोजायचा पट्टा काढला की ते माझा हात धरून मला गादीवर बसवायचे. "तुम्ही बसा. कामाला माणसं आहेत." कंपनीनं आम्हाला शिकवलं होतं, की अशा आजाऱ्याला वारंवार आठवण करून द्यावी: आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, समोरचा कोण आहे. मी इमानेइतबारे सांगायचो, "बाबा, आज सोमवार. मी नर्स." ते मान डोलवून ऐकायचे. दमलेला पाहुणा काहीबाही बोलतोय तर बोलू द्यावं, असा भाव. शेवटी एक दिवस मी वैतागून म्हणालो, "बाबा, आमच्या देशात अशी रीत आहे, की ज्याच्या घरी जावं त्याच्या दंडाला हा पट्टा बांधून त्याचा हात धरून बसायचं." बाबांनी ताबडतोब बाही वर केली. पाहुण्याची रीत पाळणं हा त्यांचा दुसरा कायदा. मोजून झालं की तो पट्टा ते आपल्या थरथरत्या हातांनी माझ्या दंडाला बांधायचे आणि डोळे मिटून माझा हात धरून बसायचे. त्या घरात माझ्या रक्तदाबाची जेवढी काळजी घेतली गेली तेवढी कुणाच्याच घरात घेतली जाणार नाही.

माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. वाळवंटातला नियम असा, की आलेल्या माणसाला तीन दिवस काही विचारायचं नाही. तो कोण, कुठला, शत्रू की मित्र, काही नाही. खाऊ घालायचं आणि झोपायला जागा द्यायची. चौथ्या दिवशी विचारलं तर चालतं. बाबांचा रोजच पहिला दिवस, त्यामुळे चौथा कधी उगवलाच नाही.

फाटकापासून मजलिसपर्यंतची वाट मुलानं मुद्दाम फरशी न घालता वाळूची ठेवली होती. का, ते मला पुढे समजलं. बाबा सकाळी त्या वाटेवर वाकून उभे राहायचे आणि वाळू वाचायचे. "हा एक पाय ओढतोय, याला काटा लागलाय." आमच्या मलबारी ड्रायव्हरच्या पायाला खरंच फोड आलेला असायचा. मुलगा समोर उभा राहिला तर ते त्याला परक्यासारखं 'या' म्हणायचे. पण त्याच्या पावलापाशी काठी टेकवून सांगायचे, "हा माझा मोठा. लहानपणापासून टाच जोरात टेकवतो. आज चिडून गेलाय." इंजिनियरसाहेब म्हणजे पन्नाशीचा भारदस्त माणूस, कारखान्यात त्याच्या हाताखाली शेकड्यांनी लोक. पण हे ऐकायला तो कामावर जाताना अनवाणी त्या वाळूतून जायचा, बूट हातात घेऊन. तोंड विसरलेल्या बापाला निदान पाऊल तरी ओळखू यावं म्हणून. मला हे पाहवत नसे आणि पाहिल्याशिवाय राहवतही नसे.

त्यांच्या मोठ्या गाडीला बाबा उंटीण समजायचे. दार उघडून दिलं तरी चढायचे नाहीत. बॉनेटवर थाप मारून घशातून "इख्ख, इख्ख" असा आवाज काढायचे, म्हणजे उंटानं खाली बसावं असा इशारा. जनावर बसल्याशिवाय त्यावर चढायचं कसं? ड्रायव्हरनं यावर तोड काढली होती. तो इंजिन बंद करायचा, गाडी शेवटचा हिसका देऊन गप्प व्हायची, आणि तो मला हिंदीत ओरडून सांगायचा, "भाई, बैठ गयी, बैठ गयी, बोलो बाबा को!" मग बाबा समाधानानं आत बसायचे. पहिल्या सुट्टीत मी हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, "त्यात हसण्यासारखं काय आहे? तुझे आजोबा एसटीला हात जोडूनच चढायचे."

पण ही गट्टी पुढे जमली. पहिल्या आठवड्यात मी त्या म्हाताऱ्याला उपाशी मारत होतो, आणि तेही माझ्या चांगल्या वळणामुळे.

लहानपणी कुणाकडे जायचं म्हटलं की आई वाटेत शिकवायची. गेल्या गेल्या पेल्याला हात घालू नकोस. समोर ठेवतील, ठेवू दे. मोठ्यांनी उचलल्याशिवाय आपण उचलायचं नाही. 'घ्या' म्हणाले तरी लगेच नको, दोनदा-तीनदा म्हणाले की मग घ्यायचं, नाहीतर लोक म्हणतील, घरी काही मिळत नाही वाटतं. आमच्याकडे या वळणावर लग्नं जमतात. तर पहिल्या दिवशी इंजिनियरसाहेबांनी मला मजलिसमध्ये बसवलं, बाबांशी ओळख करून दिली आणि ते ड्यूटीला गेले. बाबांनी डाव्या हातात सुरई घेतली, उजव्या हातानं कान नसलेला एक इवलासा पेला भरून मला दिला. मी तो दोन्ही हातांनी घेतला, आदरानं समोर गालिच्यावर ठेवला आणि वाट पाहू लागलो, आता बाबा आपला उचलतील.

बाबा उचलेनात. ते माझ्या पेल्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. तेव्हा माझी अरबी म्हणजे यल्ला, खलास आणि इकामा, म्हणजे चल, संपलं आणि तिथं राहायचा परवाना. पण एवढं उमगलं, की काही हवंय का असं विचारतायत. मी हात हलवून सांगितलं, "मा फी, मा फी." काही नको. ते आणखीच गंभीर झाले. समोर बसून राहिले. तेही बसलेले, मीही बसलेलो, मध्ये गहवा गार.

दुपारी भाताचं मोठं ताट आलं. बाबांनी ते माझ्यापुढे सरकवलं. पेशंटच्या घरचं खायचं नाही असा कंपनीचा नियम, शिवाय आईचं वळण. मी नको म्हणालो. बाबांनीही घास उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा तसंच. ते मला विसरलेले, नव्यानं 'या' म्हणाले, नव्यानं पेला दिला, मी नव्यानं खाली ठेवला. विसरण्याच्या आजारात एक गोष्ट मी तेव्हा शिकलो. कारण विसरलं जातं, पण घोर उरतो. दिवसागणिक बाबा खंगत चालले. पाणी घोटभर, खजूर एखादा, बस. माझ्याकडे बघायचे ते असं, की जणू मी त्यांच्या दारात काहीतरी भयंकर घेऊन बसलोय.

डॉक्टर आले, तपासून गेले. या आजारात पुढे गिळणं मंदावतं, म्हणाले. इंजिनियरसाहेबांनी मला बाहेर निंबाखाली नेलं. इंग्रजीत बोलायचे माझ्याशी, हळू आवाजात. "ब्रदर, माझी बायको नाही, तुला माहीत आहे. मुलं रियाधला शिकतात. मी शिफ्टला असतो. यांनी खाणंच सोडलं तर मला त्यांना दम्मामच्या रुग्णालयात ठेवावं लागेल. तिथं लांब मुक्कामाचा वॉर्ड आहे. चांगला आहे म्हणतात." आणि मग थांबून म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कुणी आपल्या छपराबाहेर, परक्या माणसांत मेलेलं नाही." मी त्यांचा हात धरून उभा राहिलो.

त्याच शुक्रवारी हुफूफहून बाबांची धाकटी बहीण आली. अरबीत आत्याला 'अम्मा' म्हणतात, पण मी तिला आत्याच म्हणेन, कारण ती आत्याच होती. काळ्या बुरख्यातून फक्त डोळे दिसायचे आणि तेवढे पुरे होते. आल्या आल्या तिनं ड्रायव्हरला गाडी वाकडी लावल्याबद्दल, भाच्याला वजन वाढल्याबद्दल आणि मला बारीक असल्याबद्दल बोलून घेतलं. मग सगळे मजलिसमध्ये बसलो. बाबांनी पेला दिला. मी खाली ठेवला.

आत्या बोलता बोलता थांबली. पेल्याकडे बोट दाखवून भाच्याशी भराभर काहीतरी बोलली. इंजिनियरसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"ब्रदर," ते मला म्हणाले, "तुझी मागणी काय आहे?"

"कसली मागणी?"

"आठवडाभर तू माझ्या बापाकडे काहीतरी मागतोयस. आमच्यात पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो तोंडानं आधी बोलत नाही. दिलेला गहवा न पिता पुढ्यात ठेवतो. यजमानानं विचारायचं, काय हवंय. आणि 'दिलं, पी' म्हणायचं. ते म्हणेपर्यंत पाहुणा काही तोंडाला लावत नाही. आणि पाहुणा उपाशी असताना यजमान कसा खाईल?"

मी गारच पडलो. लोक या रीतीनं काय काय मागतात, तेही त्यांनी सांगितलं. उंट, मुलीचा हात, कधी खुनाची माफी. आणि मी विचारल्यावर 'काही नको' म्हणत होतो. म्हणजे बाबांच्या मते माझं दुःख एवढं मोठं, की ते जिभेवरसुद्धा येत नव्हतं.

मी आमचं वळण समजावून सांगितलं. मोठ्यांनी आधी घ्यायचं, आपण थांबायचं, तीनदा आग्रह होऊ द्यायचा. भाच्यानं ते आत्याला सांगितलं. आत्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्याकडचे दोघं असे समोरासमोर बसले, तर पितं कोण?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "मग आतून घरची बाई ओरडते, 'अहो, चहा निवतोय!' मग दोघं एकदम पितात."

आत्या इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत ती म्हणाली, "आता माग काहीतरी. पेला ठेवलायस ना, न मागता उचललास तर त्याचा अपमान."

आता मी काय मागणार? सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी हात जोडले, ती आपली सवय, आणि म्हणालो, "बाबांनी जेवावं." ते अरबीत बाबांपर्यंत पोचलं तसे त्यांचे खांदे खाली आले. आठवडाभराचं ओझं उतरलेलं मला डोळ्यांनी दिसलं. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "अब्शिर." म्हणजे झालंच समजा, निश्चिंत राहा. "पी तुझा गहवा." मी तो गार काढा एका घोटात संपवला आणि बाबांनी ताट ओढलं. बोटांनी भात वळून खाताना अधूनमधून माझ्याकडे पाहून मान हलवत होते: एवढीच होती होय मागणी! दम्मामचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही. कंपनीचा नियमही मी त्या दिवशी गुंडाळून ठेवला आणि मांडी ठोकून त्यांच्याच ताटात जेवलो.

एवढं झाल्यावर मला कुणी सांगायचं राहिलं, की पुरे झालं हे कळवायचं असेल तर रिकामा पेला बोटांत धरून जरा हलवायचा. नाहीतर यजमान ओततच राहतो. मी पीतच राहिलो. 'नको' म्हटलं तर बाबांना तो आग्रहाचा भाग वाटायचा, तेवढं मात्र आमच्यासारखंच. आत्यानं शेवटी माझं मनगट पकडून पेला हलवून दाखवला.

तिथून पुढे माझं काम सोपं झालं. अंघोळ हा अशा आजाऱ्यांकडे रणसंग्राम असतो. मी मात्र पेला खाली ठेवायचो. बाबा विचारायचे, "काय हवंय?" मी सांगायचो, "बाबांनी अंघोळ करावी." एकदा 'अब्शिर' म्हटलं की शब्द गेला. कुरकुरत का होईना, ते उठायचे. सुरुवातीला मला याची चटकच लागली. एका सकाळी मी अंघोळ मागितली, मग गोळ्या, मग नखं कापून घेणं. तिसऱ्या पेल्याला बाबांनी माझ्याकडे जी नजर टाकली, तिचं भाषांतर 'हा पाहुणा फार गरजू दिसतोय' असंच होतं. तेव्हापासून मी दिवसाला एकच मागणी ठेवली आणि ती अंघोळीसाठी राखली. गोळ्या खजुरातून जायच्या.

बाबा आता नाहीत. मागच्या हिवाळ्यात गेले, त्याच मजलिसमध्ये, आत्या उशाशी बसलेली असताना. पण त्याआधी एक वाईट काळ येऊन गेला, त्याचं सांगायला हवं. कारण बाबा म्हटलं की मला आठवते ती त्यातलीच एक संध्याकाळ.

तिसऱ्या वर्षी त्यांना ती बैठकही ओळखू येईना. दुपारची नमाज होऊन ऊन कलायला लागलं की ते अस्वस्थ व्हायचे. काठी घ्यायचे, रुमाल नीट करायचे आणि फाटकाकडे चालू लागायचे. "माझी माणसं वाट पाहतायत. मला घरी जायचंय." हे घर तुमचंच, असं सांगितलं की त्यांना वाटायचं आपल्याला अडकवून ठेवलंय. फाटकावर काठी आपटायचे. मी पेला खाली ठेवून पाहिला, पण आता ते सुरईला हात लावत नव्हते. परक्याच्या सुरईला कोण हात लावेल? एका संध्याकाळी इंजिनियरसाहेब त्यांना आवरायला गेले तर बाबांनी काठी त्यांच्या खांद्यावर घातली. मुलाला लागलं नसेल एवढं. पण साहेब तिथंच वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडले. ज्या हातानं कधी उंटाला मारलं नाही, त्या हाताचा मार. दुसऱ्या दिवशी त्यांनी दम्मामला फोन केला. खाट मिळाली. रविवारी न्यायचं ठरलं. मी बाबांची बॅग भरली. रुमालांच्या घड्या मोडून पुन्हा पुन्हा घातल्या.

आदल्या दिवशी, शनिवारी, साहेब लवकर घरी आले. का कोण जाणे, त्यांनी स्वतः गहवा केला. एरवी हा माणूस कागदी पेल्यातून मशीनची कॉफी पिणारा. सुरई डाव्या हातात धरून ते बापाच्या समोर आले, थोडे अवघडलेले, कारण त्या मजलिसमध्ये बापाच्या देखत त्यांनी कधी ओतला नव्हता. ओतायचा तो यजमानानं. बाबा फाटकाकडे निघायच्या तयारीत गादीच्या कडेला बसले होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं, अनोळखी, पण अदबीनं. पेला घेतला. आणि न पिता तो गालिच्यावर ठेवला.

मी दारात उभा होतो. बाबा आता यजमान उरले नव्हते. ते पाहुणे झाले होते, आणि पाहुण्याला काहीतरी मागायचं होतं.

साहेबांना मागणी ठाऊक होती. मलाही होती. विचारलं नाही तर सगळं ठरल्याप्रमाणे होणार होतं. गाडीत तेल भरलेलं, बॅग भरलेली. त्यांनी सुरई खाली ठेवली आणि विचारलं, "काय हवंय तुम्हाला?"

"तुम्ही भले लोक आहात," बाबा म्हणाले. "मला फार चांगलं ठेवलंत. आता मला माझ्या घरी पोचवा."

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "अब्शिर," ते म्हणाले. "प्या तुमचा गहवा."

बाबा प्यायले. साहेब माझ्याजवळ आले, डोळे भरलेले. "शब्द दिलाय मी, ब्रदर. आता काय करू? कुठे नेऊ?" मी म्हणालो, "आम्ही त्यांना जरा फिरवून आणतो. तुम्ही घरी थांबा." मला तरी कुठे फार सुचलं होतं? पण ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग एकदम समजल्यासारखे आतल्या आवारात पळाले.

ड्रायव्हरनं गाडी काढली. बाबांनी बॉनेटवर थाप मारली, "इख्ख, इख्ख." इंजिन बंद झालं. "बैठ गयी, भाई!" आम्ही हुफूफच्या रस्त्याला लागलो. बाबा खिडकीतून वाळूकडे पाहत होते आणि डोळ्यांत धास्ती नव्हती. घरी निघालेल्या माणसाच्या तोंडावर असतं ते होतं. एका टेकाडाजवळ त्यांनी थांबायला सांगितलं, उतरून वारा चेहऱ्यावर घेतला, आणि परत बसताना मला विचारलं, "तुम्ही पण घरी निघालात का?" मी म्हणालो, हो.

परतलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी. आवारात शेगडी पेटवलेली, तव्यावर कॉफीचे दाणे भाजल्याचा आणि वेलदोड्याचा वास रस्त्यापर्यंत आलेला. साहेब ठेवणीतला झगा घालून अनवाणी उभे होते आणि कारखान्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणत होते, "या, या! लांबून आलात! ही वस्ती तुमचीच!" त्यांच्या बापाचेच शब्द, त्यांच्याच चालीत.

बाबा उतरले. पण पुढे गेले नाहीत. फाटकातल्या वाळूवर वाकले. त्यांनी काठीचं टोक एका पावलाच्या ठशाजवळ टेकवलं. टाच खोल रुतलेली.

"हा माझा मोठा," ते म्हणाले. आणि मान वर न करता, "पोचलो आपण."

ते मजलिसमध्ये येऊन बसले. साहेबांनी ओतलं, बाबा प्यायले. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायले. तिसऱ्यांदा प्यायल्यावर त्यांनी पेला दोन बोटांत धरला आणि हलवला. पुरे. इतक्या वर्षांत मी त्यांना पेला हलवताना कधी पाहिलं नव्हतं, कारण यजमान कधी पेला हलवत नाही. साहेबांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि दम्मामला फोन करायला ते बाहेर गेले. मी बॅगेतले रुमाल परत कपाटात लावले.

त्यानंतर शेवटपर्यंत तो आमचा परिपाठ झाला. ऊन कललं की बाबा पेला खाली ठेवायचे, साहेब नसले तर मी 'अब्शिर' म्हणायचो, गाडी बसायची, आम्ही वाळूच्या कडेनं एक चक्कर मारायचो आणि शेगडीच्या वासावर परत यायचो. आत्यानं ऐकलं तेव्हा म्हणाली, पेट्रोल फार जाईल. पण तीही कधीकधी हुफूफहून यायची आणि फाटकात उभी राहून भावाला हाक मारायची. ठसा पाहायचा, "पोचलो" म्हणायचं, तीन पेले प्यायचे, हलवायचा. मला दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची, तीही कंपनीच्या मर्जीवर. बाबा मात्र रोज संध्याकाळी घरी पोचायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही.